चाचणी झाली, मग बदल का झाला नाही?



संगणकशास्त्रात पीएचडीसाठी विषय शोधताना बऱ्याच जणांना ‘युजेबिलिटी’ हा विषय सोपा वाटतो. चार लोकांना सॉफ्टवेअर वापरायला द्यायचं, ते कुठे अडखळतात ते बघायचं, प्रश्नावली भरून घ्यायची, आकडे मांडायचे. हे सगळं करता येतं आणि त्यावर पेपरही होतो. पण विषयाचा गाभा त्यापुढे आहे. लोक कुठे अडखळतात हे कळलं, मग पुढे काय झालं? सॉफ्टवेअर बदललं का? नसेल बदललं, तर का नाही?

युजेबिलिटीला मराठीत वापरसुलभता म्हणू या. वापरसुलभतेची तंत्रं आणि सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रिया यांची सांगड घालायचे प्रयत्न गेली चाळीस वर्षं चालू आहेत. आज त्यांचा इतिहास सांगणार आहे. तो वाचताना माझं एक मत बनत गेलं, ते आधीच सांगून टाकते. ही सांगड तंत्रांच्या अज्ञानामुळे क्वचितच अडली. अडचण बहुतेक वेळा वेळापत्रकाची, अधिकाराची आणि कोडच्या रचनेची होती. चाचणीचा निष्कर्ष हातात येतो त्या दिवशी कोड बदलणं शक्य आहे का, आणि ‘बदला’ असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे, हे दोन प्रश्न मनात ठेवून पुढचं वाचा.

दोन वेगळी घराणी

वापरसुलभतेचं मूळ संगणकात नाही, प्रायोगिक मानसशास्त्रात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून चुकांचे ४६० प्रसंग गोळा केले. १९४७च्या त्यांच्या अहवालात सगळ्यात मोठा गट होता तो एका दांड्याऐवजी दुसरा दांडा ओढल्याचा. तोवर अशा घटनांवर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारला जाई. फिट्स आणि जोन्स यांनी नजर वैमानिकावरून कॉकपिटच्या रचनेकडे वळवली. एकसारखे दिसणारे दांडे शेजारी शेजारी ठेवले तर गफलत होणारच. माणसाला दोष देण्याआधी यंत्राची रचना तपासा, हा या घराण्याचा पहिला धडा.

दुसरं घराणं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेपासून हे नाव रूढ झालं. तिथली चिंता वेगळी होती. मोठे प्रकल्प वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, तयार झालेलं सॉफ्टवेअर भरवशाचं नसतं. त्यामुळे उत्तरंही त्याच दिशेची आली. काम टप्प्यांत पाडा, कागदपत्रं नीट ठेवा, एक टप्पा संपल्याची सही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणजे एका घराण्याला प्रयोग करून, चुका बघून, रचना पुन्हा बदलायची सवय. दुसऱ्या घराण्याला बदल म्हणजे खर्च आणि उशीर. दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच होतं. पुढच्या काळातला बराचसा झगडा इथूनच सुरू होतो.

रॉइसच्या पेपरात खरं काय आहे

‘वॉटरफॉल मॉडेल’ पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. गरजा, विश्लेषण, आराखडा, कोडिंग, चाचणी आणि वापर, असे वरून खाली उतरणारे चौकोन. त्याचा उगम म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७०चा पेपर सांगतात. पण मूळ पेपर वाचणारे कमी. तुम्ही जरूर वाचा, लहान आहे आणि भाषाही सोपी आहे.

गंमत म्हणजे त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. अवकाशयानांच्या सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून लिहिणारे रॉइस चौकोनांची आकृती काढतात आणि लगेच बजावतात की हे असंच्या असं राबवणं धोक्याचं आहे. कारण काय? चाचणी शेवटी येते. तोपर्यंत सगळं कागदावरचं विश्लेषण असतं, प्रत्यक्षात काय होतं ते पहिल्यांदा तिथे कळतं. तिथे गडबड निघाली तर थेट आराखड्यापर्यंत, कधी कधी गरजांपर्यंत मागे जावं लागतं. उपाय म्हणून ते पाच गोष्टी सुचवतात. त्यांतली एक म्हणजे काम दोनदा करा, आधी छोटं प्रायोगिक रूप आणि मग खरं. आणखी एक म्हणजे ग्राहकाला सामील करून घ्या.

प्रत्यक्षात लोकप्रिय झाली ती आकृती. तिच्याभोवतीचे इशारे मागे पडले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर खरेदीसाठी २१६७ क्रमांकाचं मानक काढलं. त्यातून टप्प्याटप्प्याचा हा क्रम कंत्राटांत जाऊन बसला. कंत्राटात बसलेल्या गोष्टीला वेगळंच वजन येतं, कारण पैसे टप्प्यांना जोडलेले असतात.

रॉइसच्या पेपरातला एक शब्द नीट बघा: ग्राहक. ग्राहक म्हणजे पैसे देणारा, सही करणारा. रोज ते सॉफ्टवेअर वापरणारा माणूस बहुतेक वेळा वेगळाच असतो. बँकेसाठी सॉफ्टवेअर घेण्याचा निर्णय मुख्य कार्यालयात होतो, आणि ते चालवतो शाखेतला काउंटरवरचा कर्मचारी. ‘आम्ही ग्राहकाला विचारलं’ या वाक्यात हा कर्मचारी कितीदा हरवला असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

१९८५: तीन तत्त्वं आणि ४४७ कागद

याच १९८५ साली आयबीएमच्या संशोधन केंद्रातल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांचा एक पेपर प्रसिद्ध झाला. माझ्या मते या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात इथून करावी. त्यांची तीन तत्त्वं अशी. पहिल्यापासून वापरणाऱ्यांकडे आणि त्यांच्या कामाकडे लक्ष द्या. प्रत्यक्ष वापरून घेऊन मोजमाप करा. आणि जे सापडेल त्यानुसार रचना बदला, पुन्हा मोजा, पुन्हा बदला.

वाचून वाटतं, यात नवीन काय? हे तर सगळ्यांना माहीत असतं. हा आक्षेप येणार हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो तपासून बघितला. एका व्याख्यानाच्या सुरुवातीला, विषय कानावर पडायच्या आधी, त्यांनी समोरच्या डिझायनर, प्रोग्रॅमर आणि नियोजकांना एकच काम दिलं. लोकांसाठी नवी संगणकप्रणाली तयार करताना कोणत्या पाचेक मुख्य पायऱ्या असाव्यात, ते लिहा. असे ४४७ जणांचे कागद जमले. तपासताना उदार हाताने गुण दिले, तरी बऱ्याच कागदांवर तिन्हींपैकी काही ना काही नव्हतं. आणि सगळ्यात कमी जणांना सुचलं ते तिसरं तत्त्व, पुन्हा पुन्हा बदलण्याचं.

मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. वापरणाऱ्यांना भेटा आणि चाचणी घ्या, ही दोन तत्त्वं टप्प्यांच्या आराखड्यात दोन नवे चौकोन म्हणून टाकता येतात. तिसरं तत्त्व चौकोनात मावत नाही, ते आराखडाच वाकवतं. म्हणून पहिली दोन स्वीकारली जातात आणि तिसरं गळतं. पण तिसरं गळलं की पहिल्या दोघांना फार अर्थ उरत नाही. चूक सापडते, अहवालात लिहिली जाते आणि अहवाल फाइलला लागतो.

पुनरावृत्तीला होणारे विरोधही या पेपरात नोंदवले आहेत. वेळ जास्त लागेल, पहिल्याच वेळी नीट करायला काय हरकत आहे, हे तर शेवटचं घासूनपुसून घेणं झालं. आज एखाद्या कंपनीतल्या बैठकीत बसलात तर यांतली निम्मी वाक्यं अजून ऐकू येतील.

ऑलिंपिकमधला निरोप

तत्त्वं मांडणं सोपं असतं, म्हणून गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती एका खऱ्या प्रकल्पात लावून बघितली. प्रकल्प होता १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीची आवाजी निरोपव्यवस्था. खेळाडू ऑलिंपिक ग्राममधल्या फोनवरून बटणं दाबत आपल्या देशाची खूण, आडनाव आणि पासवर्ड द्यायचे, मग आलेले निरोप ऐकायचे किंवा दुसऱ्याला निरोप ठेवायचे. घरचे लोक जगभरातून फोन करून निरोप ठेवू शकत. बारा भाषांत ही सोय होती.

ऑलिंपिकची तारीख पुढे ढकलता येत नाही. ‘वेळ नाही’ म्हणायला इतकं चांगलं कारण दुसरं मिळणार नाही! तरीही कोड लिहिण्याआधी त्यांनी वापराचे छापील प्रसंग तयार केले, म्हणजे फोन काय बोलेल आणि माणूस काय दाबेल ते नाटकाच्या संहितेसारखं. ते लोकांना वाचायला दिले. वापराची पुस्तिका आधी लिहिली आणि तीही तपासून घेतली. नंतर चालती नमुना-यंत्रणा येण्याजाण्याच्या वाटेवर मांडून ठेवली, जाता येता कुणीही वापरून बघावं. विद्यार्थ्यांना बोलावून ‘ही मोडून दाखवा’ असंही सांगितलं. मुख्य स्पर्धेआधीच्या एका स्पर्धेत खऱ्या खेळाडूंवर चाचणी झाली. हा सगळा वृत्तांत १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपले दोन प्रश्न इथे लावू. बदल करायचा अधिकार कुणाला होता? चाचणी घेणारे आणि प्रणाली बांधणारे एकाच छोट्या गटात होते, त्यामुळे वाट बघावी लागत नव्हती. कोड बदलणं शक्य होतं का? होतं, कारण तशी तयारी मुद्दाम केली होती. फोनवर काय बोललं जाईल आणि कोणतं बटण दाबल्यावर कुठे जाईल, हा भाग आतल्या यंत्रणेपासून वेगळा ठेवून तो चटकन बदलता यावा म्हणून त्यांनी एक टूलकिट बनवलं होतं. या प्रकल्पाची गोष्ट सांगताना लोक येण्याजाण्याच्या वाटेवरची चाचणी आठवणीने सांगतात, टूलकिटचा उल्लेख राहून जातो. मला वाटतं, यश जितकं चाचण्यांचं तितकंच त्या टूलकिटचं होतं.

पाच माणसांचा नियम

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस युजेबिलिटीवर एक आरोप कायम होत असे, की हे महाग प्रकरण आहे. एकतर्फी काच, कॅमेरे, मानसशास्त्रज्ञ, आठवडेच्या आठवडे. जेकब नील्सन यांनी १९८९ मध्ये ‘स्वस्तातली युजेबिलिटी’ मांडली ती याला उत्तर म्हणून. पुढे १९९३ मध्ये टॉम लँडाउअर यांच्याबरोबर त्यांनी गणिती रूप दिलं. त्यांच्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. त्या हिशोबाने पाच माणसांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात.

हा ‘पाच माणसांचा नियम’ आपल्याकडच्या प्रबंधांत सर्रास वापरला जातो, बहुतेक वेळा नमुना लहान का याचं समर्थन म्हणून. नील्सन यांचा युक्तिवाद वेगळा होता. पंधरा माणसांचं बजेट असेल तर एकदाच पंधरा जणांवर खर्च करू नका. पाच जणांची चाचणी घ्या, रचना सुधारा, मग पुढचे पाच, पुन्हा सुधारा, मग शेवटचे पाच. म्हणजे पाचचा आकडा पुनरावृत्तीसाठी आहे. मधे काहीच बदलणार नसाल तर त्या नियमाचा आधार घेता येत नाही. व्हायव्हामध्ये यावर प्रश्न येऊ शकतो, लक्षात ठेवा!

‘रद्द करा’ हे बटण

१९९९ मध्ये आयएसओ १३४०७ हे मानक आलं. वापराचा संदर्भ समजून घेणं, गरजा ठरवणं, रचना करणं आणि मूल्यमापन, हे चक्र गरजा पूर्ण होईपर्यंत फिरवत राहा, असं त्यात सांगितलं होतं. म्हणजे पुनरावृत्तीला आता आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार मिळाला. तरीही एक गैरसमज टिकून होता, की युजेबिलिटी म्हणजे वरचा रंग. इंटरफेस वेगळा ठेवला की आतल्या कोडला धक्का न लावता तो कधीही बदलता येतो.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लेन बास आणि बॉनी जॉन यांनी २०००च्या सुमारास हा समज तपासला. त्यांचं नेहमीचं उदाहरण ‘रद्द करा’ या बटणाचं. पडद्यावर बटण काढायला दहा मिनिटं पुरतात. पण ते खरंच चालायचं असेल तर काय काय लागतं बघा. एक काम चालू असताना प्रणालीचे कान रद्द करण्याच्या आज्ञेकडे उघडे असायला हवेत. काम सुरू होण्याआधीची स्थिती जपून ठेवलेली हवी. अडकवून ठेवलेली मेमरी, फायली, जोडण्या सोडवायला हव्यात. दुसऱ्या भागांशी संगनमताने काम चालू असेल तर त्यांनाही कळवायला हवं. हे आर्किटेक्चरमध्ये आधीपासून नसेल तर शेवटच्या चाचणीत ‘रद्द करता येत नाही’ ही तक्रार सापडून उपयोग नाही. अशा दोन डझनांहून अधिक प्रसंगांची यादी त्यांनी तयार केली.

या कामाने चर्चेची दिशा बदलली असं मी मानते. युजेबिलिटीवाल्यांना सॉफ्टवेअर आर्किटेक्टबरोबर पहिल्या आठवड्यात बसावं लागेल, याला आता तांत्रिक कारण मिळालं. आवाजी निरोपव्यवस्थेच्या गटाला टूलकिट आधी का बनवावं लागलं, तेही इथे स्पष्ट होतं.

अजाईल आलं आणि जुनाच प्रश्न नव्याने आला

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जणांनी अजाईल जाहीरनामा लिहिला. छोटी आवर्तनं, चालतं सॉफ्टवेअर, बदलाचं स्वागत. गूल्ड आणि लुइस यांचं तिसरं तत्त्व आता प्रोग्रॅमरच मागत होते! वाटलं असेल की भांडण मिटलं.

तसं झालं नाही. २००२ मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे केंट बेक आणि इंटरॅक्शन डिझाइनचे ॲलन कूपर यांचा गाजलेला वाद प्रसिद्ध झाला. कूपर यांचं म्हणणं, एकदा कोड लिहिला की तो बदलणं अवघड होत जातं, म्हणून माणसांचा अभ्यास आणि रचना आधी पूर्ण करा. बेक यांचं म्हणणं, कोड बदलता राहील अशाच पद्धती आम्ही आणल्या आहेत, आधीचा वेगळा टप्पा घातलात तर जुन्या टप्प्यांकडेच परत जाल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. बेक कोड बदलण्याच्या शक्यतेबद्दल बोलत होते. कूपर यांची काळजी अशी की बदल कोणत्या दिशेने करायचा हे ठरवायला वापरणाऱ्यांची ओळख आहे कुठे? आणि अजाईलमध्येही रॉइसच्या पेपरातली जुनी अडचण राहिलीच होती. गटात बसणारा ‘ग्राहक’ खरा वापरणारा असेलच असं नाही.

यातून एक चालेल अशी वाट टोरांटोच्या एलियास कंपनीत निघाली. तिथल्या लिन मिलर यांनी २००५ मध्ये आणि डेझिरे सी यांनी २००७ मध्ये ती लिहून ठेवली. डिझाइन करणारे आणि कोड लिहिणारे दोन समांतर रुळांवर चालतात. प्रोग्रॅमर या आवर्तनाचं काम बांधत असताना डिझायनर पुढच्या आवर्तनाची रचना नमुन्यांवर तपासून तयार ठेवतात, मागच्या आवर्तनात बांधलेल्या भागाची चाचणी घेतात आणि त्याहून पुढच्या कामासाठी वापरणाऱ्यांकडून माहिती गोळा करतात. वाचायला साधं वेळापत्रक आहे. पण आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या वेळापत्रकातच आहे. निष्कर्ष येतो तेव्हा पुढचं आवर्तन अजून मोकळं असतं.

आपल्याकडची गोष्ट

भारतातल्या सॉफ्टवेअर सेवा उद्योगात हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. पैसे देणारी कंपनी एका देशात, वापरणारे कदाचित तिसऱ्याच देशात, आणि कोड लिहिणारे हिंजवडीत किंवा बेंगळुरूत. गरजांच्या कागदावर सही झाल्यावर काम इकडे येतं. चाचणीत काही सापडलं तरी बदल म्हणजे नवी मागणी, नवी मागणी म्हणजे नवा दर. अशा ठिकाणी तत्त्वं सांगून भागत नाही, फायदा दाखवावा लागतो.

आयआयटी मुंबईचे अनिरुद्ध जोशी आणि एन. एल. सारडा, तसंच संजय त्रिपाठी यांचा २०१०चा पेपर म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी दोन मोजमापं सुचवली. एक, प्रकल्पात वापरसुलभतेची कामं प्रक्रियेत किती मिसळली याचा निर्देशांक. दुसरं, प्रकल्पाने सुरुवातीला ठरवलेली वापरसुलभतेची उद्दिष्टं शेवटी किती गाठली याचं माप. उद्योगातल्या प्रत्यक्ष प्रकल्पांवर ही दोन्ही मापं लावून त्यांचा परस्परसंबंध तपासला. ‘सांगड घालावी’ या उपदेशाकडून ‘सांगड घातल्याने काय होतं’ या मोजण्याजोग्या प्रश्नाकडे जाण्याचा हा प्रयत्न पवईतून झाला, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

या विषयात काम करायचं ठरवलंत तर माझ्याकडून तीन सूचना.

एक, मूळ पेपर वाचा. रॉइस आणि नील्सन या दोघांच्या बाबतीत मूळ म्हणणं आणि प्रचलित समज यांत किती अंतर आहे ते वर पाहिलंच.

दोन, एखाद्या प्रकल्पाचा अभ्यास करताना ‘कोणती तंत्रं वापरली’ एवढ्यावर थांबू नका. चाचणीत किती अडचणी सापडल्या, त्यांतल्या किती दुरुस्त झाल्या, उरलेल्या का राहिल्या, आणि तो निर्णय कुणी घेतला, याची नोंद मिळवा. बग नोंदवण्याची प्रणाली, बैठकांची टिपणं, आवर्तनांच्या तारखा यांत हे सापडतं. परवानगी मिळवायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच सत्रात विचारायला लागा.

तीन, न झालेल्या बदलांची यादी जपून ठेवा. तिची विभागणी करून बघा: वेळ संपला म्हणून राहिलेले, अधिकार नव्हता म्हणून राहिलेले, आणि कोडच्या रचनेने अडवलेले. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. वेळापत्रकावर एलियासची वाट आहे, रचनेवर बास आणि जॉन यांचं काम आहे. अधिकाराच्या रकान्यात मात्र अजून फार थोडं लिहिलं गेलंय, विशेषतः कंत्राटावर चालणाऱ्या आपल्याकडच्या प्रकल्पांबद्दल. विषय शोधत असाल तर तिथे जागा आहे.